सुरक्षेचं काम नव्यानं हाती आलंय: आधी काय शिकायचं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका तरुण इंजिनिअरचा प्रश्न असा आहे: "मी डिप्लोमा मेकॅनिकल. आमच्याकडे फाउंड्री आणि छोटं मशीन शॉप मिळून ९० च्या आसपास माणसं, त्यातली निम्मी ठेकेदाराची. मी क्वालिटी बघत होतो, आता सेफ्टीही माझ्याकडे दिली आहे. तीन महिन्यांनी मोठ्या ग्राहकाचं ऑडिट आहे आणि ते आयएसओ ४५००१ या सुरक्षेच्या मानकाच्या अंगानं प्रश्न विचारणार. हिरा, जेएसए, लोटो, वर्क परमिट, नियर मिस असं रोज कानावर येतं. यातलं आधी काय शिकू आणि खरोखर उपयोगी साधनं कोणती?"

पहिले आठ दिवस एकही फॉर्म डाउनलोड करू नका. वही घेऊन सगळ्या पाळ्यांत शॉपमध्ये फिरा आणि एकच यादी करा: आपल्याकडे माणसाचा जीव जाईल किंवा हात, पाय, डोळा कायमचा जाईल अशी कामं कोणती? खरचटणं, पाय मुरगळणं, डोळ्यात कचरा जाणं हे नंतर. तुमच्या आकाराच्या फाउंड्रीत ही यादी फार लांबत नाही. मेल्टिंग आणि पोअरिंग, सँड मिक्सर आणि कन्व्हेयरची सफाई, क्रेनखालचं काम, इलेक्ट्रिक पॅनल, शेडच्या पत्र्यावर चढणं, पिटमध्ये किंवा टाकीत उतरणं, आवारात रिव्हर्स येणारा ट्रक, आणि वर्षानुवर्षं फुफ्फुसात जाणारी धूळ. पुढे जी साधनं सांगतो ती सगळी आधी या यादीवर वापरायची. हेल्मेट आणि घोषवाक्यांचे बोर्ड लगेच डोळ्यांत भरतात, म्हणून बहुतेक ठिकाणी काम तिथूनच सुरू होतं आणि तिथंच अडकतं.

यादीतल्या प्रत्येक कामाजवळ उभं राहून तीन गोष्टी विचारा. इथे ऊर्जा कुठे साठली आहे? ती सुटली तर कुठे जाईल? आणि तिच्यात नि माणसात नेमकं काय उभं आहे? "ट्रेनिंग दिलंय" किंवा "तो अनुभवी आहे" हे उत्तर आलं, तर तिथे मध्ये काहीच उभं नाही असं वहीत लिहा.

मेल्टिंगचं उदाहरण घेतो, कारण फाउंड्रीत सगळ्यात मोठी ऊर्जा तिथेच आहे. भट्टीतलं मेटल १,४०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्यात पाणी वरून सांडलं तर बहुतेकदा ते वरच्यावर उडून जातं. पण तेच पाणी मेटलखाली अडकलं की क्षणात वाफ होतं आणि सुमारे १,७०० पट फुगतं. भट्टीतून मेटल उसळून अंगावर येतं ते यामुळे. पाणी तिथे पोचतं कसं? ओलं भंगार, दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप, जुना शॉक ॲब्सॉर्बर, नीट न तापवलेला लेडल (मेटल ओतायचं भांडं), भट्टीखालच्या पिटमध्ये साचलेलं पाणी, आणि इंडक्शन भट्टीची कॉइल. त्या कॉइलमधून थंड पाणी फिरत असतं आणि लायनिंग, म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर, झिजून तडा गेला की मेटल त्या पाण्याकडे निघतं. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर भंगार उघड्यावर पडलं असेल तर ते कोरडं असण्याची आशाच करू नये.

आता उपाय बघा. भंगाराला शेड, भंगार तपासून बंद पाइप कापण्याची पद्धत, चार्ज, म्हणजे भट्टीत टाकायचा माल, आधी वाळवणं, लेडल तापवायला बर्नर, पिट कोरडं आहे हे पाळीच्या सुरुवातीला बघणं, आणि मेटल लायनिंगमधून कॉइलकडे निघालं की अलार्म देणारा ग्राउंड लीकेज डिटेक्टर चालू स्थितीत असणं. शेवटची गोष्ट मुद्दाम लिहिली. अलार्म सारखा वाजतो म्हणून तो बायपास केलेला मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिला आहे. तो बायपास असेल तर त्या दिवशी भट्टी चालू ठेवायची नाही, हा निर्णय तुमच्या मालकांकडून आत्ताच लेखी घेऊन ठेवा. प्रसंग आल्यावर तो मिळत नाही, कारण तेव्हा डिस्पॅचची घाई असते. ॲल्युमिनाइज्ड एप्रन, फेस शील्ड, लेस नसलेले चामडी बूट, पॅन्ट बुटाच्या वरून, आणि अंगात पॉलिस्टर नको, कारण ते वितळून कातडीला चिकटतं. हे सगळं हवंच. पण ते उडालेल्या शिंतोड्यांसाठी आहे, भट्टी उसळली तर त्याचा फारसा उपयोग नाही.

उपायांचा क्रमही यातच आला. धोका मुळातून काढा. जमलं नाही तर कमी घातक पर्याय आणा. तोही नसेल तर यंत्रात किंवा रचनेत बदल करून माणूस आणि धोका वेगळे करा. त्यानंतर कामाची पद्धत, पाळी, सूचना, प्रशिक्षण. आणि सगळ्यात शेवटी पीपीई, म्हणजे हेल्मेट, मोजे, एप्रन अशी अंगावरची संरक्षक साधनं. वरचे तीन उपाय माणूस दमला, चिडला, झोपाळला तरी काम करतात. खालचे दोन रोज, प्रत्येक माणसानं, प्रत्येक वेळी पाळले तरच टिकतात. खर्चाचा हिशोब मांडताना मालकांना हा फरक दाखवा. हातमोज्यांचं बिल दर महिन्याला येतं, गार्ड एकदा बसतो.

हातमोजे निघालेच आहेत तर मशीन शॉपबद्दल एक सांगतो. "सगळ्यांना सगळं पीपीई" असा सरसकट नियम करू नका. फिरत्या ड्रिलवर किंवा लेथवर हातमोजा घालणं म्हणजे हात आत ओढून घ्यायला निमंत्रण. तिथे मोजे काढायचे, बाह्या घट्ट करायच्या आणि चिप्स हुकानं ओढायच्या. बेंच ग्राइंडरवर टूल रेस्ट आणि चाक यांच्यातलं अंतर ३ मिलिमीटरच्या आत हवं, वरच्या टंग गार्डचं ६ मिलिमीटरच्या आत. उद्या पट्टी घेऊन मोजून बघा.

आता हिरा, म्हणजे धोके ओळखून त्यांची जोखीम ठरवणं. कागदावर सगळ्यांकडे असते, म्हणून तिच्याबद्दल जरा कडक बोलतो. धोका यंत्रात कायम असतो; सँड मिक्सरचं पातं फिरतं तोवर ते घातकच. जोखीम ठरते ती हात तिथे पोचण्याची शक्यता किती आणि पोचला तर काय होईल यावरून. पाच बाय पाचच्या तक्त्यात शक्यता गुणिले तीव्रता करून आकडा काढतात. इथे एक खेळ सर्रास चालतो: आधी आकडा २०, मग "पीपीई दिले, ट्रेनिंग दिले" असं लिहायचं आणि नंतर आकडा ४. हे मान्य करू नका. प्रशिक्षणानं शक्यता थोडी उतरेल, पण पात्यात गेलेल्या हाताची तीव्रता ट्रेनिंगनं कशी उतरेल? तीव्रता उतरते ती ऊर्जा कमी झाली तरच. म्हणून माझा नियम साधा आहे: तीव्रता ५ असलेल्या प्रत्येक ओळीत रचनेतला किमान एक उपाय लिहिलेला हवा आणि तो जाऊन हातानं तपासता आला पाहिजे. झाकण उघडलं की मिक्सर थांबतो असं लिहिलं असेल, तर झाकण उघडून बघा. थांबतो का?

हिरा करायला कोण बसतं यावर तिचा दर्जा ठरतो. मेल्टर, फिटर, वायरमन, फेटलिंगचा (कास्टिंग घासून साफ करण्याचा) एक हेल्पर आणि ठेकेदाराचा मुकादम यांना बोलवा. केबिनमध्ये बसवू नका, यंत्राजवळ उभे राहा आणि "हे जॅम झालं की तुम्ही काय करता?" असा प्रश्न टाका. रोजच्या उत्पादनाची हिरा सगळ्यांनी केलेली असते. जीव जातो तो जॅम काढताना, सफाई करताना, ब्रेकडाउनमध्ये, रविवारच्या मेंटेनन्समध्ये. खंडेनवमीची तयारीच घ्या. यंत्रं धुवायला, पुसायला काढतात, गार्ड उघडतात, एरवी त्या यंत्राला हात न लावणारी पोरंही मदतीला येतात. पूजा झाल्यावर गार्ड परत बसला का, हे सुरू करण्याआधी कोण बघतं? ही ओळ तुमच्या हिरात नसेल तर आजच घाला.

जेएसए हे त्याच विचाराचं छोटं रूप: एका कामाच्या पायऱ्या पाडायच्या, प्रत्येक पायरीला काय बिघडू शकतं आणि त्यावर काय करायचं ते लिहायचं. पायऱ्या सहा ते दहा ठेवा. पस्तीस पायऱ्यांचा जेएसए कोणी वाचत नाही. काम सुरू होण्याआधी पाच मिनिटं उभ्या उभ्या वाचला की तोच तुमचा टूलबॉक्स टॉक. यावर याहून जास्त वेळ घालवायची गरज नाही.

वेळ घाला धुळीवर. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत मला सगळ्यात जास्त काळजी हिची वाटते, कारण हिचं पंचनामा करण्यासारखं काही घडतच नाही. मोल्डिंगच्या वाळूत स्फटिक सिलिका असते. नॉकआउट आणि शेकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणं), फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग आणि जुनं लायनिंग फोडणं, या ठिकाणी ती बारीक होऊन हवेत उडते. उन्हाच्या तिरिपेत दिसते ती जाड धूळ. फुफ्फुसात खोलवर पोचते ती डोळ्यांना दिसत नाही. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो, आणि सिलिका आत असलेल्या माणसाला क्षयाची शक्यताही वाढते. त्यामुळे कितीतरी माणसं वर्षानुवर्षं फक्त टीबीची औषधं घेत राहतात आणि कामाची चौकशी कोणी करत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ मध्येच श्वासातून जाणाऱ्या स्फटिक सिलिकेला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. आपल्या कारखाने अधिनियमात सिलिकोसिस हा कळवण्याचा आजार होता आणि आताच्या संहितेतही आहे. श्वसनयोग्य धुळीची मर्यादा काढायला अधिनियमात सूत्र दिलं होतं: १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २), उत्तर दर घनमीटर मिलिग्रॅममध्ये. म्हणजे धुळीत १० टक्के क्वार्ट्झ असेल तर मर्यादा ०.८३. अमेरिकेत २०१६ च्या नियमानं निव्वळ श्वसनयोग्य सिलिकेची मर्यादा ०.०५ आहे, जी आपल्यापेक्षा बरीच कडक आहे. मोजमाप करून घेताना पंप माणसाच्या कॉलरला लावून पूर्ण पाळी मोजायला सांगा. शेडच्या कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्राचा रिपोर्ट ऑडिटरला चालेल, माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

उपाय परत त्याच क्रमानं. वाळू गरम आणि कोरडी असताना नॉकआउट करायची घाई टाळा, जमेल तिथे ओलावा ठेवा. मात्र मेटलजवळ पाणी नको, हे आधी सांगितलंच. झाडूऐवजी व्हॅक्यूम वापरा. कॉम्प्रेस्ड एअरनं कपडे आणि फरशी उडवणं आजपासून बंद. एवढा एक नियम पाळला तरी हवा बदलते. आणि फेटलिंगला लोकल एक्झॉस्ट, म्हणजे धूळ जागेवरच ओढून घेणारी यंत्रणा, बसवताना हूड कामाच्या जवळ आणा. डक्टच्या तोंडापासून एका व्यासाएवढं लांब गेलात की ओढ दहा टक्क्यांवर येते. म्हणजे आठ इंची डक्ट असेल तर आठ इंचांपलीकडे तो पंखा फक्त आवाज करतो. मास्क द्यायचाच, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, दाढीवर तो बसत नाही, आणि कपड्याचा रुमाल या धुळीला अडवत नाही. नोकरीला लागताना आणि पुढे ठरावीक काळानं छातीचा एक्स-रे आणि फुफ्फुसाची तपासणी करा, ठेकेदाराच्या माणसांचीही. त्यांची नावं दर सहा महिन्यांनी बदलतात, म्हणून त्यांच्या नोंदी स्वतःकडे ठेवा.

आवाजाचं थोडक्यात: आपल्याकडची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल. एक मीटरवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर मोजमाप करायची वेळ आली आहे. फेटलिंगमध्ये आणि इचलकरंजीच्या यंत्रमागावर हे वेगळं सांगायला नको.

लोटो, म्हणजे कुलूप आणि टॅग लावून ऊर्जा बंद करणं, हे मला सगळ्या साधनांत सगळ्यात प्रामाणिक वाटतं, कारण ते लागलं आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं. काम असं: यंत्राच्या सगळ्या ऊर्जा शोधा, बंद करा, आयसोलेटरला (सप्लाय तोडणाऱ्या स्विचला) कुलूप लावा, साठलेली ऊर्जा सोडा, आणि शेवटी स्टार्ट बटण दाबून यंत्र खरंच सुरू होत नाही ना ते बघा. शेवटची पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. साठलेली ऊर्जा म्हणजे हवेच्या सिलिंडरमधला दाब, वर उचललेली बकेट, ताणलेली स्प्रिंग, इंडक्शन भट्टीची कपॅसिटर बँक. तिथे सप्लाय तोडल्यावरही चार्ज राहतो, डिस्चार्ज करून मीटरनं खात्री केल्याशिवाय हात लावायचा नाही. आत जाणारी तीन माणसं असतील तर कुलपं तीन, प्रत्येकाची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. सुपरवायझरकडे सगळ्या किल्ल्यांचा जुडगा असेल तर ते लोटो राहिलं नाही. फ्यूज काढून खिशात ठेवला, पॅनलपाशी पोरगं उभं केलं, हे उपाय आपल्याकडे अजून चालतात. चहाला गेलेल्या पोरानं परत येऊन स्विच टाकला की काय होतं ते फिटर मंडळींना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांनाच सांगायला लावा. कुलूप, टॅग, हॅस्प (एका जागी अनेक कुलपं अडकवायची कडी) यांचा खर्च एका मोटरच्या रिवाइंडिंगपेक्षा जास्त येत नाही. सँड मिक्सर, कन्व्हेयर आणि शॉट ब्लास्टपासून सुरू करा.

वर्क परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, चार कामांना ठेवा: उंचीवरचं, बंदिस्त जागेतलं, वेल्डिंग-कटिंगचं, आणि मोठं इलेक्ट्रिकल. सगळ्याला परमिट लावलं की सह्या यांत्रिक होतात. परमिट म्हणजे काम देणारा आणि काम करणारा यांनी जागेवर एकत्र उभं राहून बघितलं याचा पुरावा. केबिनमध्ये सही झालेलं परमिट फाडून टाका. पाळी बदलताना त्याचं काय होतं ते ठरवा. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर ६ जुलै १९८८ रोजी १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता आणि ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचलीच नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी तोच सुरू केला. कागद होता, पण ज्याला हवा होता त्याच्या हातात नव्हता. तुमच्याकडे उघडी परमिटं एका बोर्डावर लावा आणि पाळी घेणाऱ्यानं तो बोर्ड बघून सही करायची.

आपल्या भागात उंचीच्या परमिटचा हंगाम मे महिना. पावसाआधी गळती काढायला पत्र्यावर माणसं चढतात. बहुतेक बाहेरची, रोजावरची. सिमेंटचा पत्रा आणि उजेडासाठी लावलेला प्लास्टिकचा पत्रा माणसाचं वजन घेत नाहीत, आणि धूळ बसल्यावर कुठला कुठला ते वरून ओळखूही येत नाही. "रोजचंच काम हाय ओ साहेब, काय हुत न्हाई" हे वाक्य तुम्हाला त्याच दिवशी ऐकायला मिळेल. चालायला फळ्या किंवा क्रॉलिंग बोर्ड, खाली जाळी, आणि आधीपासून बांधलेली लाइफलाइन. यातलं काही नसेल तर चढायचं नाही. नुसता बेल्ट देऊन भागत नाही, तो अडकवायचा कुठे हे आधी ठरलेलं हवं. शक्य असेल तिथे खालून, प्लॅटफॉर्म लावून पत्रा बदला, म्हणजे प्रश्नच मिटला.

बंदिस्त जागा तुमच्याकडे कमी असतील, पण आसपासच्या साखर कारखान्यांत मळीच्या टाक्या, डिस्टिलरीची फर्मेंटर, सांडपाण्याचे चेंबर भरपूर आहेत. उतरण्याआधी ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांत हवा, ज्वलनशील वायू पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड तपासलेले. मोजमाप वरती, मध्ये आणि तळाला. आतला दिवा २४ व्होल्टपेक्षा जास्तीचा नको, हे कारखाने अधिनियमातच होतं. पहिला माणूस पडला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो, मग तिसरा. एकाच्या जागी तीन तिरड्या निघतात त्या अशा. बाहेर उभ्या माणसाला एकच आदेश: आत जायचं नाही, दोरानं ओढायचं आणि मदत बोलवायची. ट्रायपॉड आणि विंच नसेल तर काम सुरूच करू नका.

नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. त्याबद्दल तुम्हाला हाइनरिशनं १९३१ मध्ये मांडलेला त्रिकोण शिकवला जाईल: एका मोठ्या इजेमागे २९ छोट्या इजा आणि इजा न झालेल्या ३०० घटना. मोठ्या इजेमागे कितीतरी छोट्या घटना असतात, इथवर तो कामाचा. पण छोट्या इजा कमी केल्या की मृत्यू आपोआप कमी होतात, हा त्यातून काढलेला अर्थ मला पटत नाही. फेटलिंगमधलं खरचटणं थांबवून भट्टी उसळणं थांबत नाही. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. म्हणून नियर मिस गोळा करताना संख्या मोजू नका. "यात जीव गेला असता का?" हा प्रश्न लावा, आणि हो असेल तर ती घटना अपघात झाल्यासारखीच तपासा. स्लिंग तुटून कास्टिंग रिकाम्या जागेत पडलं, तर फक्त नशीब चांगलं होतं, बाकी सगळं मृत्यूचंच होतं. फॉर्म ठेवू नका; व्हॉट्सॲपवर मराठीत किंवा हिंदीत आवाज पाठवला तरी घ्या. ४८ तासांत त्या माणसाला काय केलं ते सांगा. दोनदा उत्तर आलं नाही की तिसऱ्यांदा कोणी बोलत नाही.

तपासाचं उदाहरण देतो. समजा कन्व्हेयरच्या शेपटाच्या पुलीत हेल्परचा हात गेला. "कामगाराचा निष्काळजीपणा" असं लिहून फाइल बंद होते. पुढे विचारा. हात का घातला? पुलीला वाळू चिकटली होती, ती खरवडत होता. चालू असताना का? बंद करायला सुपरवायझरची परवानगी लागते आणि लाइन थांबली की बोलणी बसतात. वाळू का चिकटते? स्क्रेपर झिजला आहे, मागणी दोन महिने स्टोअरमध्ये पडून आहे. गार्ड कुठे होता? खरवडता यावं म्हणून काढलेला, कारण गार्ड घालून खरवडताच येत नाही. आता उपाय समोर आला: नवा स्क्रेपर, जाळीतून बाहेरूनच साफ करता येईल असा गार्ड, पुल-कॉर्ड (ओढली की कन्व्हेयर थांबवणारी दोरी), आणि लाइन थांबवायचा अधिकार हेल्परला. त्या माणसाला मेमो देऊन यातलं काय झालं असतं?

बदलांवर लक्ष ठेवणं छोट्या उद्योगात पूर्ण सुटतं. नवं रेझिन, वेगळं भंगार, जुन्या पॅनलवर वाढवलेला लोड, तात्पुरती जोडलेली पाइप. इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो इथल्या रासायनिक कारखान्यात १ जून १९७४ रोजी अशाच तात्पुरत्या बायपास पाइपनं २८ जणांचा जीव घेतला. ती पाइप नीट डिझाइन न करताच बसवली होती. तुमच्यासाठी एक पानाची पद्धत पुरे: काय बदलतंय, त्यानं यादीतल्या कोणत्या कामावर परिणाम होतो, कोणी तपासलं, तात्पुरतं असेल तर काढण्याची तारीख. यातच महापुराचा विषय घ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सखल भागातल्या वर्कशॉपमध्ये पाणी ओसरताच मोटरी चालू करायची घाई सगळ्यांनी बघितली आहे. पाण्यात गेलेलं पॅनल आणि मोटर साफ करून, वाळवून, मेगरनं इन्सुलेशन तपासल्याशिवाय सप्लाय द्यायचा नाही, आणि हॅण्ड टूल्सच्या सर्किटवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, हवाच. हे पाऊस सुरू होण्याआधी लिहून ठेवा.

मापनाबद्दल: ग्राहक अपघातांचा फ्रीक्वेन्सी रेट मागेल, म्हणजे दहा लाख मनुष्यतासांमागे कामाचा खाडा झालेले अपघात. तुमच्या ९० माणसांचे वर्षाचे तास साधारण २,१६,०००. एकही अपघात नाही तर शून्य, एक झाला की एकदम साडेचारच्या वर. एवढ्या छोट्या ठिकाणी हा आकडा नशिबाचीच नोंद करतो. ग्राहकाला द्या, पण स्वतःसाठी दुसरं मोजा: यादीतल्या मारू शकणाऱ्या कामांवरचे उपाय या आठवड्यात किती ठिकाणी जाऊन तपासले, किती चालू सापडले, बंद सापडलेले किती दिवसांत दुरुस्त झाले. आणि "शून्य अपघात" म्हणून बक्षीस ठेवू नका. माणसं पट्टी बांधून गप्प बसतात.

कायद्याचं पटकन सांगतो. १९४८ चा कारखाने अधिनियम आणि त्याखालचे १९६३ चे महाराष्ट्र नियम यांवर आपल्या पिढीनं काम केलं. भोपाळनंतर १९८७ मध्ये त्यात घातक प्रक्रियांची कलमं आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० लागू झाली आहे. आधी सेफ्टी ऑफिसर १,००० कामगारांना सक्तीचा होता, संहितेत ५०० आणि घातक प्रक्रियेला २५०. तुमचे ९० या आकड्यांत बसत नाहीत, पण सुरक्षित जागा देण्याची मालकाची जबाबदारी आकड्यावर अवलंबून नाही आणि ती ठेकेदाराच्या माणसालाही लागू आहे. सक्ती असो वा नसो, महिन्यातून एकदा बसणारी कमिटी करा. निम्मे कामगार, त्यात ठेकेदाराचे दोन. गेल्या बैठकीतलं काय झालं यानंच बैठक सुरू करा.

ऑडिटची भीती बाळगू नका. आयएसओ ४५००१ हे २०१८ चं मानक तुम्हाला हेच विचारतं: धोके ओळखले का, कामगारांना विचारलं का, उपाय चालतात हे कसं कळतं, वरिष्ठ स्वतः लक्ष घालतात का. वरच्या यादीतल्या पाच कामांवर तीन महिन्यांत खरं काम झालं असेल, तर ऑडिटरला शॉपमध्ये घेऊन जा आणि मेल्टरला बोलू द्या. कोरी करकरीत दोनशे पानं बघून चांगला ऑडिटर उलट सावध होतो.

शिकायचं असेल तर तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा ॲडव्हान्स डिप्लोमा करा. पुढे सेफ्टी ऑफिसर म्हणून उभं राहायला औद्योगिक सुरक्षेची मान्य पदविका लागतेच. त्या पदाच्या पात्रतेत एक अट अशी आहे की बहुसंख्य कामगारांची भाषा नीट यायला हवी. तुमच्या मोल्डिंगला आणि फेटलिंगला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं असणार. त्यांना पहिल्या दिवशी कामाला लावण्याआधी अर्धा तास हिंदीत, शॉपमध्ये फिरवून, ही मारू शकणारी कामं एकेक करून दाखवा, आणि शेवटी त्यांनाच परत सांगायला लावा. ज्याला सांगता आलं नाही, त्याला त्या दिवशी भट्टीच्या बाजूला पाठवू नका.